हाय-गेन ट्यूब ॲम्प: सीमाभागात आधी आवाज बघायचा की वॉरंटी?

शहापूरकर
राम राम मंडळी. आमच्या बेळगावच्या बँडसाठी हाय-गेन (आवाज भरपूर फाडणारं) ट्यूब हेड घ्यायचं चाललंय, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, वेगळ्या स्पीकरला जोडायचा गिटार ॲम्प. यादीत तीन नावं उरलीत: पीव्ही ६५०५, ईव्हीएच ५१५०-३ चं ५० वॅटवालं आणि मेसा बूगीचं ड्युअल रेक्टिफायर. बँडातली पोरं फक्त आवाजावर भांडतात. माझं मत वेगळं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारावा तो हा की बिघडलं तर उघडणार कोण?

आवाज तिघांचाही दणदणीत आहे. ६५०५ म्हणजे १९९२ साली आलेलं पीव्ही ५१५०च. गिटारवादक एडी व्हॅन हेलन २००४ मध्ये पीव्हीपासून वेगळा झाला, त्यानंतर नाव बदललं. १२० वॅट, स्पीकरला ताकद देणाऱ्या चार ६एल६ पॉवर ट्यूब. रिदम आणि लीड चॅनेलला ईक्यू (बास-मिडल-ट्रेबलची बटणं) मात्र एकच, हे घेण्याआधी माहीत असावं. ईव्हीएचला तीन चॅनेल आहेत, पण ५० वॅटच्या हेडमध्ये पहिल्या दोघांना ईक्यू सामायिक आहे.

आता वॉरंटी. हेडवर काही वर्षांची लिहिलेली असते, पण ट्यूबना बहुतेक कंपन्या ९० दिवसच देतात, आणि आधी जातात त्या ट्यूबच. बाकीची वॉरंटीसुद्धा सहसा अधिकृत विक्रेत्याच्या बिलावर, ज्या देशात घेतलं तिथंच, मूळ मालकाला. अमेरिकेतल्या भावानं आणलेल्या हेडला इथं कोण विचारणार? शिवाय ते १२० व्होल्टचं. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज जमवता येतं, फ्रीक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झचा हिशेब धरून बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. म्हणून भारतातलं पक्कं बिल आणि २३० व्होल्टचं हेड, एवढ्या अटीत जे बसेल ते घ्यावं.

टिळकवाडीकर
अजिबात पटलं नाही. वॉरंटी चार-पाच वर्षांत संपते, हेड वीस वर्षं वाजतं. वीस वर्षं न आवडणारा आवाज ऐकत बसायचं का?

आणि "आवाज तिघांचाही दणदणीत" म्हणून विषय संपत नाही की. ६५०५ ला मिड्स (मधले सूर) पुढे असतात, पाम म्यूट केल्यावर (तळहातानं तारा दाबून वाजवल्यावर) प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. रेक्टिफायरचा खालचा आवाज रुंद आणि सैल. त्याच्या मागे एसीचं डीसी ट्यूब रेक्टिफायरनं करायचं की सिलिकॉन डायोडनं, हे निवडायचं बटण आहे. ट्यूबवर टाकलं की जोरात कॉर्ड मारल्यावर व्होल्टेज किंचित बसतं आणि नोट दबून पुन्हा वर येते. व्होल्टेज पूर्ण की कमी ठेवायचं याचा बोल्ड-स्पाँजी स्विच वेगळा. हा फरक बोटांना कळतो. डाउन-ट्यून करून (तारा सैल करून) संथ, जड वाजवणाऱ्याला रेक्टिफायरच हवं. वेगात वाजवत असाल तर पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. खालचा चिखल जातो.

खानापूरकर
दोघांनीही आमचा पाऊस आणि आमची लाइट धरलेली नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रात्री उशिरा चढतं. ट्यूब हेडमध्ये स्टॅबिलायझर नसतो. भिंतीतलं व्होल्टेज दहा टक्के चढलं की ट्यूबचा ६.३ व्होल्टचा हीटर आणि प्लेटचे साडेचारशे व्होल्ट, दोन्ही त्याच प्रमाणात चढतात. आमच्या ओळखीतल्या एका हेडचा ट्रान्सफॉर्मर असाच गेला. वॉरंटी होती, पण "विजेच्या चढउतारामुळे" असं लिहून परत पाठवलं. त्यामुळे शहापूरकर, पक्क्या बिलाइतकाच चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर बजेटमध्ये धरा.

दुसरं, ट्यूब बदलायला कंपनी लागत नाही. पंचक्रोशीत अजून व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेले म्हातारे मेकॅनिक आहेत, त्यांना गाठा. घरी तपासायचं तर हेड चालू असताना पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रत्येक १२एएक्स७ वर (सुरुवातीच्या छोट्या ट्यूबवर) हलकेच टकटक करा. जी ट्यूब स्पीकरमधून टणटण वाजते किंवा शिट्टी मारते, ती मायक्रोफोनिक झाली. पॉवर ट्यूबमध्ये निळसर झाक दिसली तर घाबरू नका. आतली राखाडी प्लेट लाल व्हायला लागली तर मात्र लगेच बंद. चॅसी मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज उरतं.

माझं मत विचाराल तर यादीबाहेरचं मार्शल जेसीएम ८००, २२०३ घ्या. १९८१ पासूनचं, सर्किट साधं, आत बायसचा पॉट (पॉवर ट्यूबमधून किती करंट जाईल ते ठरवायचा स्क्रू) आहे. ६५०५ आणि रेक्टिफायर दोघांनाही तो नाही. पॉवर ट्यूबची नवी जोडी घातली की नशिबावर.

टिळकवाडीकर
नशिबावर नाही. मेसा स्वतः निवडलेल्या ट्यूब विकते, त्या रेंजमधल्या घातल्या की बायस जमतो. आणि २२०३ ला एकच चॅनेल. आमच्या सेटमध्ये क्लीनवरून हाय-गेनवर एका पायानं जावं लागतं, ते गिटारचा व्हॉल्यूम कमी करून होत नाही.

खानापूरकर
त्या ट्यूब बेळगावात मिळतात का? मागवायच्या, वाट बघायची, तोवर कार्यक्रम होऊन गेलेला. पॉट असेल तर हाताला लागेल ती मॅच्ड (सारख्या मापाची) जोडी चालते. ६एल६जीसी ट्यूबच्या प्लेटची मर्यादा ३० वॅट, त्याच्या ७० टक्के म्हणजे २१. प्लेटला ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला ४६ मिलिअँपिअरच्या खाली ठेवायचं. ईएल३४ असेल तर ३० च्या जागी २५ धरा. मेकॅनिकला एवढं सांगितलं तरी काम होतं.

चिकोडीची बासवाली
दादा लोक, वीस किलोचं हेड बसमध्ये चढवलंय का कुणी? १२० वॅट कशाला लागतात? १०० आणि ५० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा. ६५०५ चंच छोटं एमएच मॉडेल बघा: २० वॅट, तेही ५ आणि १ वर उतरवता येतं, कॅबच्या (स्पीकरच्या पेटीच्या) आवाजाची नक्कल करून थेट मिक्सरला देणारं डायरेक्ट आउट आहे. १२० पेक्षा आठेक डेसिबल कमी. पीए (हॉलचे मोठे स्पीकर) आणि माइक असताना कुणाला कळणार? माझ्या बासला तरी श्वास घ्यायला जागा राहते.

टिळकवाडीकर
ताई, त्यात ईएल८४ पॉवर ट्यूब आहेत. ६एल६ चा खालचा धक्का त्यात येत नाही. डायरेक्ट आउट उपयोगाचं आहे, हे मात्र खरं.

शहापूरकर
खानापूरकरांचा स्टॅबिलायझर यादीत घेतला. २२०३ नको, चॅनेल लागतातच. मी अजून बिलावरच ठाम आहे, पण विक्रेत्याला आता आणखी दोन गोष्टी लेखी विचारतो: व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान धरतात का, आणि दुरुस्तीला हेड बेंगळुरू-मुंबईला पाठवायचं भाडं कुणाचं? उत्तर गोलमोल आलं तर वॉरंटीचा मुद्दा सोडून देईन.

टिळकवाडीकर
सोडण्याआधी रविवारी कॅम्पात या. मित्राचं रेक्टिफायर आहे, ६५०५ मी मागून आणतो. एकाच कॅबवर, व्हिंटेज ३० स्पीकरवर, एकामागून एक ऐकू. कॅब १६ ओहमचा आहे, हेडही १६ ओहमवरच जोडायचं, आणि कॅब जोडल्याशिवाय हेड चालू करायचं नाही. येताना जाड स्पीकर केबल आणा, गिटारची चालणार नाही.