आईचा तो नकार दया होती का?

पेठेतली वाचक:
आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात जिन्याखाली भुरी व्याली, तीन पिल्लं. नेमकं तेव्हाच इंग्रजी लेखिका डोरिस लेसिंगचं १९६७ चं मांजरांवरचं पुस्तक वाचत होते. आफ्रिकेतल्या त्यांच्या शेतावर नकोशी पिल्लं बुडवायचं काम आईकडे. एका वर्षी तिने ते थांबवलं. मांजरं वाढत गेली, आणि शेवटी वडिलांनी ती खोलीत कोंडून गोळ्या घातल्या. पुस्तक मिटून मी आधी जिन्याखाली जाऊन आले. मला आईचा राग येत नाही. इतकी वर्षं घरातल्या कुणीच तिच्या हातातलं ते काम घेतलं नाही, याचा येतो. तुम्हाला काय वाटतं? आणि हे असं उघड लिहावं का?

कोथरूडकर:
लिहावंच. मी वाचलेल्या गोष्टींत मांजरापुढे कायम दुधाची वाटी. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, हे मला आमच्या बोक्याला जुलाब झाल्यावर कळलं. अजून वाईट वाटतं.

मनीची मावशी:
ताई, भुरीचं ऑपरेशन लवकर करा. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. पिल्लीही चार-पाच महिन्यांत राहू शकते.

पेठेतली वाचक:
पिल्लं सुटली की नेते. शेजारच्या काकू म्हणाल्या, नदीकाठी सोडून ये. मी त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं. काल त्यांनी जिन्याखाली जुनं गोणपाट अंथरलंय.