कोलकात्यात दीड महिना: राहायचं कुठे, खायचं काय?

संत्रानगरी
डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये काम आहे. शनिवार-रविवार सुट्टी. नागपूरहून येते आहे. खोलीला महिना 18,000 आणि खाण्याला दिवसाला 500 रुपये, यापुढे जायचं नाही. मासे आवडतात, पण काट्यांची सवय नाही. शेवटचे काही दिवस आई येईल, ती शुद्ध शाकाहारी. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, रोजचं शहर बघायचं आहे. कुठल्या भागात राहू?

हुगळीकाठ
कालीघाट किंवा जतीन दास पार्क, दुसरा विचारच करू नका. मेट्रोच्या ब्लू लाइनने एस्प्लनेड, तिथून ग्रीन लाइनने थेट सेक्टर फाइव्ह. 2025 च्या ऑगस्टमध्ये एस्प्लनेड-सियालदह तुकडा सुरू झाल्यापासून दक्षिणेत राहून सॉल्ट लेकला जाणं सोपं झालंय. एस्प्लनेडला गाडी बदलायला हातचा वेळ ठेवा. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, आई येतील तेव्हा तिथे खोलीची चौकशी करा. रासबिहारीहून गरियाहाटला ऑटो मिळते. इथल्या बऱ्याच ऑटो ठरलेल्या मार्गावर शेअरनेच चालतात, मीटर शोधत बसू नका. सुटे पैसे हवेतच.

आरामखुर्ची
दीड महिना राहायचं तर सॉल्ट लेकमध्येच सर्व्हिस अपार्टमेंट घ्या. चाळीस हजारांत झकास मिळेल. ऑफिस चालत, रस्ते शांत, कटकट नाही. जेवायला पार्क स्ट्रीट आहेच. कोलकात्यात येऊन तिथे टेबलावर बसून जेवला नाहीत तर काय उपयोग!

संत्रानगरी
18,000 लिहिलंय हो.

मासेखाऊ
पाचशेत दोन्ही वेळचं उत्तम होतं, पार्क स्ट्रीट लागत नाही. पाइस हॉटेल (साधी, स्वस्त बंगाली खाणावळ) शोधा. कॉलेज स्ट्रीटजवळचं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, रासबिहारीचं तरुण निकेतन. तिथे थाळीपेक्षा एकेक पदार्थ मागवायचा असतो: भात, डाळ, भाजा (तळलेल्या भाज्या), मासा, प्रत्येकाची किंमत वेगळी. केळीच्या पानाचे आणि लिंबाचेही वेगळे पैसे लागू शकतात, त्यात फसवणूक नाही. दुपारी साडेबाराच्या आसपास पोचा, उशीर केला तर चांगले तुकडे संपतात.

काट्यांचं म्हणाल तर रुई-कातला मागवताना "पेटी" म्हणा. पेटी म्हणजे पोटाकडचा तुकडा, त्यात मोठे, सहज काढता येतील असे काटे. "गादा" म्हणजे पाठीकडचा, त्यात बारीक दुहेरी काटे, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सुरुवात भेटकी किंवा पाबदापासून करा, त्यांत काटे कमी. इलिश (हिलसा) या मोसमात खाऊ नका. तो पावसाळ्याचा मासा, डिसेंबरात मिळतो तो बहुतेक शीतगृहातला आणि वर महागही. थंडीत फ्लॉवर घालून केलेला कोई मासा मिळाला तर सोडू नका, पण काट्यांना हात सरावल्यावर.

आणि सगळं एकत्र कालवू नका. आधी शुक्तो (कडसर मिश्र भाजी), मग डाळ-भाजा, मग मासा, शेवटी चटणी. मोहरीच्या झणक्यानंतर शुक्तोची चव कळतच नाही.

साधी_भाजी
आईंसाठी: नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, "निरामिष" म्हणा. मुगाच्या डाळीत आणि कोबीच्या भाजीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे, ते आधी विचारा. वांग्याची भाजा ज्या तेलात माशाचे तुकडे तळले त्यातच तळलेली असू शकते. सगळ्यांत निर्धास्त म्हणजे सकाळचं कोचुरीचं दुकान. हिंगेर कोचुरी किंवा राधावल्लभी (डाळीचं सारण भरलेली पुरी), सोबत आलूर दम किंवा खोबऱ्याचे तुकडे घातलेली छोलार डाल (हरभऱ्याची डाळ). लवकर जा, उशिरा गार कोचुरी मिळते. संध्याकाळी फ्लॉवर-शेंगदाण्याचा शिंगाडा (म्हणजे सामोसा), तो थंडीतच खरा.

ट्रामवेडा
उत्तर कोलकाता कुणी बोलतच नाहीये! आणि नागपूरकर असाल तर सर्क्युलर रोडवरून जाताना आठवा, तो मराठा डिचवरून गेलाय. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने 1742 मध्ये इंग्रजांनी खणायला घेतलेला खंदक. ट्रामचे एक-दोनच मार्ग उरलेत, त्या दिवशी गाडी चालू आहे का ते विचारून जा.

हुगळीकाठ
खंदक पुरा झालाच नाही आणि भोसलेही तिथवर पोचले नाहीत. बंगालच्या गावांनी मात्र बर्गींचा, म्हणजे या मराठा स्वारांचा, फार त्रास सोसला, अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही.

ट्रामवेडा
अभिमान कुठे म्हटलं? रस्ता तिथून गेलाय एवढंच म्हटलं.

आरामखुर्ची
इतिहासाचा वेगळा धागा काढा. उत्तरेत जुनी घरं, पाण्याच्या वेळा, गल्लीत गाडी शिरत नाही. पुन्हा सांगतो, सॉल्ट लेक.

गोडघाशा
नोलेन गुडाचा (खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाचा) मोसम आहे आणि एकानेही नाव काढलं नाही! खजुरीच्या झाडाचा ताजा रस थंडीतच चांगला उतरतो, म्हणून हेच दोन महिने. नकुडचा संदेश हेदुआजवळ, भीम नागचा बहूबाजारात. "नरम पाक" त्याच दिवशी खाऊन टाका, नागपूरला न्यायचा तर "कडा पाक" घ्या, त्यात ओल कमी म्हणून टिकतो. जयनगरचा मोआ कनकचूर धानाच्या लाह्यांचा असतो. शहरात त्या नावाने साध्या लाह्यांचे लाडूही विकतात. वास घेऊन बघा, तुपाचा आणि गुडाचा यायला हवा. जमलं तर सियालदहहून लोकलने जयनगरलाच जा.

मासेखाऊ
एखाद्या रविवारी तिरेट्टा बाजारातला चिनी नाश्ता: माशाच्या गोळ्यांचं सूप, बाव (सारण भरलेले वाफवलेले पाव), सुई माई (मोमोसारखे). सहा-साडेसहाला पोचा, आठनंतर फारसं उरत नाही. रविवारी मेट्रो नऊच्या सुमारास सुरू होते, तेव्हा टॅक्सीच धरा. बहुतेक पदार्थांत डुक्कर असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

हुगळीकाठ
कॉलेज स्ट्रीट शनिवारी करा, रविवारी पुस्तकांची बरीच दुकानं बंद असतात. जानेवारीच्या शेवटी पुस्तक मेळा करुणामयीला भरतो, ऑफिसवरून परतताना वाटेतच स्टेशन. गंगासागर यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, बाबूघाटाकडे जाऊ नका, यात्रेकरूंची तुफान गर्दी असते. आणि परत सांगतो, कालीघाट.

संत्रानगरी
सगळ्यांचे आभार. कुणीच न सुचवलेली, उत्तरेतल्या शोभाबाजारची खोली घेतली. मेट्रो स्टेशन चालत सहा मिनिटं, भाडं 15,000, घरमालकीणबाई खाली राहतात. कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, शेजारी आहे आणि जानेवारीत तिथे सरस्वतीच्या मूर्ती घडताना रोज बघता येतील. हावड्याला जायला घाटावरून फेरी आहे. आईसाठी हाजरा रोडला फोन करते. गीझर नाही, बादलीत रॉड लावावा लागेल.

साधी_भाजी
रॉड लावणार असाल तर आधी घरमालकिणीला विचारा. जुन्या वायरिंगवर 1500 वॅटचा रॉड टाकला की फ्यूज उडतो, 1000 चा घ्या. प्लास्टिकच्या बादलीत रॉड कडेला टेकू देऊ नका, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

आरामखुर्ची
सॉल्ट लेकला गीझर असतो.