मदत हवी आहे: प्रोव्हाँसमधलं जुनं घर, अक्रोडाचं कपाट आणि पांढऱ्या रंगाचा डबा

नमस्कार मंडळी,

नवरा कादाराशला 'इतेर'च्या फ्यूजन प्रकल्पावर कामाला, म्हणून आमचा मुक्काम दक्षिण फ्रान्समध्ये. आजवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो, आता ल्युबेरों डोंगराच्या पायथ्याशी एका गावात जुनं दगडी घर घेतलंय. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं, अरुंद आणि उंच. भिंती हातभर जाड. उत्तरेकडून मिस्त्राल वारा झोडपतो म्हणून त्या बाजूला खिडकी जेमतेम. खाली षटकोनी लाल फरशा, त्यांना इथे तोमेत म्हणतात.

घराबरोबर एक कपाटही गळ्यात पडलंय. आधीच्या मालकीणबाईंची मुलं "जिन्यातून उतरत नाही, राहू दे तुम्हालाच" म्हणून सोडून गेली. अक्रोडाचं आहे, जवळजवळ छताला टेकतं. दारांवर गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या, मधल्या पट्टीवर चक्क झाकण असलेलं सुपाचं भांडं. कुलपाच्या भोकाभोवती वीतभर लांब नक्षीदार पोलादी पत्रे. देखणं आहे, नाही असं नाही. पण खोलीतला सगळा उजेड गिळून बसतं.

मला घर कंट्री फ्रेंच पद्धतीने सजवायचंय, जमेल तितकं जुन्या वस्तूंनी. फोटोंत दिसतं ते सगळं पांढुरकं, कडा मुद्दाम खरवडलेल्या, मधे कुठेतरी लॅव्हेंडरची जुडी. त्या हिशोबाने पांढऱ्या चॉक पेंटचा (खडूसारखा, चमक नसलेला रंग) डबा आणून ठेवलाय. नवरा म्हणतो, हात लावशील तर बघ. जाऊबाई पुण्याहून म्हणतात, रंगव बिनधास्त. शेजारच्या आजींनी डबा पाहिला आणि विषय बदलला.

तर प्रश्न असे: कपाट रंगवू का? त्याच्या पायाशी अधूनमधून पिठासारखी भुकटी दिसते, ती काय असावी? एका ब्रोकांतवाल्याकडे (जुन्या सामानाचा व्यापारी) भिंतीवर टांगायची पावाची पेटी पाहिली, तो साडेतीनशे युरो म्हणतोय, घ्यावी का? आणि तांब्याची जुनी पातेली स्वयंपाकाला चालतात की नुसती टांगायची?

फोटो उद्या उजेडात काढून डकवते. "एवढं जुनं घर घेतलंच कशाला" हा प्रतिसाद सासूबाईंनी आधीच दिलेला आहे, तो सोडून बोला. :)

---

खिडकीतली_मांजर

नवं घर घेतल्याबद्दल अभिनंदन! मी आविन्योंजवळ राहते आणि रविवार लील-स्युर-ला-सोर्गच्या बाजारात उधळते, तेव्हा बोलायचा थोडा अधिकार आहे.

आधी डब्याचं झाकण बंद करा. फोटोंतलं ते पांढरं खरवडलेलं प्रकरण इथल्या जुन्या घरांत फारसं नव्हतंच. प्रोव्हाँसचं चांगलं फर्निचर म्हणजे अक्रोड, मेण लावून घासून चमकवलेला. रंगवलेली कपाटं होती, नाही कशाला म्हणू? उझेसची सतराव्या-अठराव्या शतकातली रंगीत कपाटं प्रसिद्ध आहेत. पण ती साध्या मऊ लाकडाची, आणि त्यांवर फुलं, माणसं, नक्षी असा झगझगीत कारभार. अक्रोडावर पांढरा हात मारायची रीत ती नव्हे.

गव्हाच्या ओंब्या आणि सुपाचं भांडं ही आर्लच्या बाजूच्या कामाची ओळखीची खूण. फक्त वळणदार पाय बघून "पंधराव्या लुईच्या काळातलं!" असं कोणी सांगितलं तर भुलू नका. पॅरिसमध्ये ती फॅशन केव्हाच मागे पडली, पण इथल्या सुतारांनी एकोणिसाव्या शतकातही तीच वळणं चालू ठेवली.

उजेडाचं म्हणाल तर दोष कपाटाचा नाही, भिंतींचा आहे. त्यांवर सध्या काय आहे? प्लास्टिक पेंट असेल तर शक्य तिथे काढा आणि चुन्याचा हात द्या. त्यात रुसियों गावची पिवळी माती चिमूट चिमूट मिसळून बघा. चुन्यावर उजेड वेगळाच खेळतो आणि जाड दगडी भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. पिवळट भिंतीपुढे तेच काळं कपाट मधासारखं दिसायला लागेल.

पावाची पेटी म्हणजे पानेतिएर. बारीक कातीव दांड्यांची ना? घ्यायच्या आधी मागची फळी बघा. करवतीच्या खुणा गोल कमानीसारख्या असतील तर लाकूड गोल करवतीने कापलेलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आधीचं नक्की नाही. सगळ्या दांड्या काटेकोर एकसारख्या असतील तर यंत्रावरचं काम. हौसेला मोल नसतं, पण घासाघीस करायला लाजू नका. "हीच शेवटची किंमत का?" एवढं हसून विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. ईस्टर आणि 15 ऑगस्टच्या सुमारास लील-स्युर-ला-सोर्गला मोठी जत्रा भरते, तेव्हा मात्र खरेदीला जाऊ नका. बघायला जा.

स्वस्तात हवं असेल तर गावोगावचे व्हिद-ग्रेनिए, म्हणजे लोक माळे रिकामे करून रस्त्यावर मांडतात ते बाजार. आणि एमाउस या सेवाभावी संस्थेची जुन्या सामानाची दुकानं. मोनोग्राम (नावाची आद्याक्षरं) भरतकाम केलेल्या जाड लिननच्या चादरी तिथे मिळतात, त्यांचे पडदे फार सुरेख होतात.

---

रंधा_पटाशी

भुकटीबद्दल. ही लाकूड पोखरणारी कीड आहे, पण ती जिवंत आहे की जुनीच भुकटी हादऱ्याने पडतेय हे आधी ठरवा. कपाटाखाली काळा कागद पसरा, आजची भुकटी पूर्ण झाडून घ्या आणि काही दिवस थांबा. ताजी भुकटी फिकट आणि मोकळी असते, नव्या भोकाच्या कडा धारदार आणि आतून उजळ. जुनी भोकं काळवंडलेली, कडा झिजलेल्या.

मागच्या फळ्या आणि खणांचा तळ नीट तपासा. समोर अक्रोड मिरवत असला तरी मागे बहुतेकदा पॉपलर नाहीतर पाइन असतं, आणि कीड तिथेच घर करते. औषध मागून आणि आतून लावायचं, कोऱ्या लाकडावर. मेण चढलेल्या पृष्ठभागातून ते आत जिरतच नाही. भोकांत सिरिंजने सोडायचं, खिडक्या उघड्या, हातमोजे घालून. किडे वसंत ते उन्हाळ्यात बाहेर पडतात, त्याआधी उरकलंत तर उत्तम.

आणि समजा रंगवलंच, तर कीड मारल्याशिवाय रंगवू नका. वरून रंग आणि आतून भुसा.

---

उगाच_एक_आयडी

एका कपाटापायी एवढं शास्त्र? घर तिचं, पैसा तिचा, डोळे तिचे. संग्रहालयात राहायचंय का तिला? मी असते तर रंगवून मोकळी झाले असते. फर्निचर वापरायसाठी असतं.

---

खिडकीतली_मांजर

@उगाच, मुद्दा मान्य, पण रंग एका दुपारी चढतो आणि कोरीव ओंब्यांतून काढायला जन्म जातो. रंगवायचीच खाज असेल तर व्हिद-ग्रेनिएत पाइनची मोडकी कपाटं पडलेली असतात, त्यातलं एक आणा आणि करा काय करायचं ते.

आणि एक गंभीर गोष्ट. खिडक्यांच्या जुन्या झडपा, दारं, आधी कोणी रंगवलेलं फर्निचर कोरडा पॉलिश पेपर मारून घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 1949 पूर्वी बांधलेलं घर विकताना विक्रेत्याला शिशाच्या तपासणीचा अहवाल द्यावाच लागतो. तुमच्या खरेदीच्या कागदांत असेल, काढून वाचा. घरात लहान मूल असेल तर आजच वाचा.

---

चिंचगूळ

तांब्याच्या पातेल्यांवर मी बोलते, बाकीचं मला कळत नाही.

आतून बघायचं. चंदेरी अस्तर शाबूत असेल तर चालेल, लालसर तांबं डोकावत असेल तर नाही. आपल्याकडे कल्हई करतात तेच, तीच कथील, इथेही कल्हईवाले आहेत. नॉर्मंडीतलं व्हिलदियु-ले-प्वाल हे गाव तांब्याच्या भांड्यांसाठीच ओळखलं जातं. कल्हई उडालेल्या पातेल्यात टोमॅटो, चिंच, कोकम अजिबात नको. आणि कल्हई असली तरी त्यात फोडणी करू नका. कथील 232 अंशांना वितळतं, रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवलं की कल्हईचे ओघळ येतात. खीर, साखरेचा पाक, जॅम यांना मध्यम आचेवर फार छान.

अवांतर: लिननच्या पडद्यांच्या जोडीला छापील सुती कापड घ्या, प्रोव्हाँसचं म्हणून मिळतं ते लहान फुलांचं. ते मूळचं आपलंच. सतराव्या शतकात मार्सेच्या बंदरात हिंदुस्थानातलं छापील कापड उतरायला लागलं आणि लोक इतके वेडावले की फ्रान्समधल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. 1686 मध्ये राजाने बंदी घातली, ती 1759 पर्यंत चालली. तरी लोक चोरून नेसत होते. तारास्कोंला सुलेयादो या कापड कंपनीच्या संग्रहालयात जुने लाकडी ठसे मांडलेत, नक्की जाऊन या.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक सांगते.

काळ्या कागदावर फिकट भुकटी पडली, म्हणजे कीड जिवंत. मागच्या फळ्या खरंच वेगळ्या, पांढरट लाकडाच्या निघाल्या आणि चाळण झालेल्या. समोरच्या दारांना काही नाही. शिशाचा अहवाल सापडला, जिन्याच्या कठड्याला आणि झडपांना 'आहे' लिहिलंय. मुलगी पाच वर्षांची आहे, त्यामुळे तिकडे आता माणूस बोलावूनच काम.

पानेतिएरची मागची फळी बघायची म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा उतरला. गोल खुणा होत्या. मग तो स्वतःच दोनशेवर आला. मी अजून घेतलेली नाही, पण बारीक दांड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रंगाचा डबा मुलीच्या खेळण्यांच्या पेटीला वापरणार. कपाट तसंच राहील, नवऱ्याने पेढे वाटायचे बाकी ठेवलेत. त्याला मेण कोणतं लावू? आणि औषध लावायला ते भिंतीपासून पुढे ओढायचं तर चौघांनाही हललं नाही.

---

रंधा_पटाशी

ओढू नका, पाय मोडतील. अशी कपाटं सुटी होतात. आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांध्यांत लाकडी खुंट्या दिसतील, किंचित वर आलेल्या. ठोकून बसवलेल्या असतात, बहुधा सरस नसतो. आतल्या बाजूने लाकडाचा तुकडा ठेवून हळू ठोका.

क्रम: आधी दारं वर उचलून बिजागऱ्यांतून काढा. मग खण. मग वरची झालर (माथ्यावरची पुढे आलेली लाकडी पट्टी), ती जड असते, दोघांनी शिडीवर आणि एकाने खाली. शेवटी बाजू. प्रत्येक खुंटी कोणत्या भोकाची ते चिकटपट्टीवर लिहून त्याच भोकाशेजारी लावा, त्या हाताने तासलेल्या असतात आणि अदलाबदल झाली की बसत नाहीत.

मेण: मधमाशांचं, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं. अगदी पातळ हात, तासाभराने ब्रशने घासायचं, मग लोकरी फडका. सिलिकॉनचे फवारे नकोत. औषध पूर्ण वाळल्याशिवाय मेणाला हात लावू नका.

आणि सुटं केलंच आहे तर जिन्यातून उतरतं का तेही मोजून घ्या, पुढेमागे लागेल.