बिंग क्रॉसबी या गायकाचं 'व्हाइट ख्रिसमस' गाणं: रेकॉर्डिंग 1942 चं की 1947 चं, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

त्याचीच, डेक्का कंपनीची जुनी 78 आरपीएम (मिनिटाला 78 फेरे फिरणारी) रेकॉर्ड हाती आलीये, पण लेबल इतकं खराब झालंय की गाण्याचं नाव कसंबसं वाचता येतं, कॅटलॉग नंबर तर गेलाच. मला माहितीये ते एवढंच की पहिलं रेकॉर्डिंग मे 1942 मध्ये झालं, जॉन स्कॉट ट्रॉटरचा ऑर्केस्ट्रा आणि केन डार्बी सिंगर्सबरोबर, मग त्याच्या इतक्या कॉप्या काढल्या की मास्टर (ज्यावरून कॉप्या काढतात तो मूळ साचा) झिजला आणि मार्च 1947 मध्ये त्याच मंडळींना घेऊन परत रेकॉर्ड केलं (आणि आज सगळीकडे वाजतं ते बहुतेक हेच, बिचारं मूळ मागेच पडलं). 1947 च्या सुरुवातीला बासरी आणि सेलेस्टा (छोट्या घंट्यांसारखा आवाज देणारं पेटीवजा वाद्य) ऐकू येतात हे माहितीये, म्हणजे 'ऐकून बघ ना' हे नका सांगू, 78 वाजवणारा प्लेअर माझ्याकडे नाही आणि साध्या सुईवर लावून घासायची नाहीये. ऑनलाइनही शोधलं, तिथे 1942 लिहून खुशाल 1947 चं लावतात. लेबलजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मात्र भिंगातून नीट दिसतोय. तर दोन्ही रेकॉर्डिंगचे मॅट्रिक्स नंबर कोणाला माहिती आहेत का?