टाकी बदलण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासावा

मोटरहोममधील (राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) गीझरखाली पाणी का गळते, असे एकाने विचारले आहे. पाणी दिसले म्हणजे टाकीच फुटली, हा त्यावर दिलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. गळती फक्त पाणी तापताना होते आणि गार झाल्यावर थांबते, असे त्या प्रश्नातच स्पष्ट लिहिले आहे. टाकीला भोक असते तर गार पाणीही गळत राहिले असते. २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे दीड टक्का फुगते. पंपातील नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून टाकीच्या वरच्या भागातील हवाच तो दाब झेलते, आणि ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपली की सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारी झडप) ठिबकू लागतो. ही हवा पुन्हा भरण्यासाठी, गीझर व पंप बंद करून, पाणी पूर्ण गार झाल्यावरच, गरम पाण्याचा नळ उघडावा. व्हॉल्व्हची दांडी उचलून धार थांबेपर्यंत पाणी वाहू द्यावे, मग दांडी व नळ बंद करून पंप सुरू करावा.

त्यानंतरही थेंब पडत असतील, तर आपल्या सोलापूरकडच्या बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याचा विचार करावा. शेजाऱ्यांच्या गाडीतील व्हॉल्व्ह आम्ही उघडला तेव्हा त्याच्या बैठकीवर खरखरीत पांढरा थर साचला होता आणि रबर नीट टेकतच नव्हते. असा व्हॉल्व्ह त्याच दाबक्षमतेचा नवीन बसवावा. गळती थांबवण्यासाठी त्याचे तोंड बूच मारून बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. ते कृपया कोणीही करू नये.