कव्हर व्हर्जन मूळ गाण्याच्या पुढे जातं का?

रातवा

परवा एका जुन्या मित्राशी कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाणं, कितीही चांगलं असलं तरी ते उसनंच. गाणं ज्याने पहिल्यांदा गायलं त्याचं. मला हे अजिबात पटत नाही. दोन दिवस झाले तरी विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत सरळ आहे. काही गाण्यांचं पहिलं रेकॉर्डिंग हा कच्चा खर्डा असतो. गाणं पुरं होतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून.

'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. ते ज्यात आहे तो बॉब डिलनचा अल्बम 'जॉन वेस्ली हार्डिंग' डिसेंबर १९६७ च्या अगदी शेवटी आला. जिमी हेंड्रिक्सने लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत हे गाणं रेकॉर्ड करायला घेतलं तेव्हा जानेवारी १९६८ संपलासुद्धा नव्हता. कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) तीनच, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच फिरत राहतात. डिलन अडीच मिनिटांत आटोपतो, हेंड्रिक्स चार मिनिटं घेतो. दुसऱ्या कडव्यानंतरचा लांब सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, एकदा फक्त तेवढाच ऐका. आधी साधी गिटार, स्वच्छ सूर. मग स्लाइड, म्हणजे तारांवरून काहीतरी घसरवत वाजवलेली गिटार, काचेवरून पाणी ओघळावं तशी. मग वाह-वाह पेडल, गिटारला जणू वाचा फुटते. आणि सर्वांत शेवटी नुसते कॉर्डचे फटकारे. त्याच तीन कॉर्डवर चार निराळे आवाज, प्रत्येक आधीच्यापेक्षा चढता. तिसऱ्या कडव्यात दोन घोडेस्वार येतात, वारा घोंगावू लागतो. पण वादळ आपल्या कानात त्याआधीच शिरलेलं असतं.

दुसरं 'रिस्पेक्ट'. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये स्वतः लिहून गायलं. कमाई घेऊन घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतोय, एवढंच. ॲरेथा फ्रँकलिनने १४ फेब्रुवारी १९६७ ला ते बाईच्या तोंडी घातलं. 'रिस्पेक्ट'चं एकेक अक्षर सुटं करून ठणकावणं ओटिसच्या गाण्यात नाहीच, ते तिचं. त्याच जूनमध्ये माँटेरेच्या महोत्सवात ओटिसने स्टेजवरून सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. लिहिणाराच मान्य करतो म्हटल्यावर आपण का अडून बसायचं?

तिसरं अर्थात जो कॉकरचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. त्यावर माझ्याइतकंच तुम्हीही बोलाल, म्हणून थांबतो.

जुनी तबकडी

रातवा, लिहिलंय छान, पण 'कच्चा खर्डा' वाचून राहवलं नाही.

डिलनच्या रेकॉर्डवर काय आहे? अकूस्टिक गिटार, बास, ड्रम आणि माउथ ऑर्गन. बस्स. विदूषक आणि चोर बोलताहेत, आणि आवाज असा कोरडा की जणू कुणीतरी शेजारच्या खोलीत बातमी वाचतंय. शेवटी घोडेस्वार दिसतात, वारा सुटतो आणि गाणं संपतं. गोष्ट जिथे सुरू व्हायची तिथेच तो गप्प होतो. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली आहे. हेंड्रिक्सने ती भरली. सुंदर भरली, मीही ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. पण भरलेल्या घरात राहणाऱ्याने रिकाम्या अंगणाला अर्धवट बांधकाम म्हणू नये.

कॉकरचंही तेच. मूळ गाणं बीटल्सचं, त्यांच्या १९६७ च्या रेकॉर्डवर त्यांचा ड्रमवाला रिंगो ते गातो. बँडमधल्याच लेनन आणि मॅकार्टनी यांनी चाल त्याच्या आवाजाला झेपेल अशी मोजक्या सुरांत बांधली. मित्र एकेक प्रश्न विचारतात आणि हा साधासुधा माणूस आपल्या परीने उत्तरं देतो. शेवटी एकच सूर वर जातो, आणि तो त्याने कसाबसा नाही, पूर्ण धरलाय. दर वेळी तिथे माझे डोळे भरून येतात. आपण फार मोठे गायक नाही हे माहीत असलेला माणूस मित्रांच्या भरवशावर तिथवर पोचतो, आणि गाण्याचे शब्दही नेमके तेच सांगताहेत. कॉकरचा आवाज अफाट आहे, पण त्या आवाजाच्या माणसाला मदतीची गरज आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

उत्तररात्र

तबकडीताई, कॉकरबद्दल अजिबात सहमत नाही. त्याने लयच बदलली. मूळ गाणं चार मात्रांत टुणटुण चालतं, त्याने ते सहाच्या संथ, झुलत्या लयीत नेलं. सुरुवातीचा ऑर्गन, जिमी पेजची गिटार, आणि मग बायकांचा कोरस प्रश्न विचारतो तेव्हा तो उत्तर देत नाही, विनवण्या करतो. १९६९ च्या वूडस्टॉक महोत्सवातलं त्याचं चित्रण पाहा. हात हवेत वेडेवाकडे फिरताहेत, शब्द अर्धे गिळले जाताहेत. मदतीची गरज याहून वेगळी कशी दिसते?

षड्ज

रॉकवाल्यांचा हा वाद मी नेहमी आवडीने वाचतो, पण जॅझच्या बाजूने पाहिलं तर प्रश्नच नीट मांडलेला नाही असं वाटतं. आमच्याकडे 'मूळ' ही जागा बहुतेक वेळा रिकामीच असते. बंदिश एक असते, ती प्रत्येकाने आपल्या घशातून काढायची. पहिल्यांदा कुणी गायली हे विचारून तिच्याबद्दल फारसं काही कळत नाही.

कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ ला टेनर सॅक्सोफोनवर 'बॉडी अँड सोल' वाजवलं. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. सुरुवातीला चाल ओळखू येते न येते तोच तो तिला सोडतो आणि उरलेला सगळा वेळ फक्त तिच्या कॉर्डवर नवं काहीतरी बांधत जातो. गाण्याचा मुखडाच जवळजवळ गायब, तरी तबकडी तुफान चालली. टेनर सॅक्सोफोन वाजवणारे पुढे गाण्याइतकाच हॉकिन्सचा तो सोलो गिरवत राहिले. आता सांगा, यात मूळ कोणतं?

आणखी एक गंमत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'ची. बरेच जण ज्युली अँड्र्यूजचा 'द साउंड ऑफ म्युझिक' हा सिनेमा मूळ धरतात आणि कोल्ट्रेनने त्यावरून वाजवलं असं समजतात. सिनेमा १९६५ चा. कोल्ट्रेनचं रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९६० चं. त्याच्यासमोर होतं ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९५९ मध्ये आलेलं त्याच नावाचं नाटक, ज्यात मेरी मार्टिन गात होती. कोल्ट्रेनचं जवळपास चौदा मिनिटं चालतं. पियानोवर मकॉय टायनर दोनच कॉर्ड आलटूनपालटून धरून ठेवतो, एल्व्हिन जोन्सचे ड्रम त्या तीनच्या लयीखाली उकळत असतात, आणि वर सोप्रानो सॅक्सोफोनचा तो नाकातला, धारदार सूर. टायनरचा सोलो ऐकताना एक क्षण असा येतो की हे पुढे सरकतच नाहीये असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच लक्षात येतं की आपण त्या दोन कॉर्डच्या आत जाऊन बसलोय. आवडत्या गोष्टी आठवून मन रमवायचं साधं गाणं! त्यात एवढी जागा आहे हे नाटक बघणाऱ्या कुणाला सुचलं असतं?

रातवा

तबकडी, 'खर्डा' हा शब्द डिलनपुरता मागे घेतो. अंगणाचं म्हणणं लागलं मनाला. 'रिस्पेक्ट'पुरता मात्र घेत नाही. ओटिसचं गाणं ऐकताना आता ॲरेथाचा कोरस आपोआप डोक्यात वाजतो आणि तिथे तो नसतो. कान ज्याची वाट बघतो ते ज्या रेकॉर्डवर आहे तेच पुरं गाणं.

षड्ज, तुमचं अर्धं पटलं. मूळ नसतं म्हणता, पण कोल्ट्रेनने चाल मोडल्यावर अंगावर काटा येतो तो चाल आधी ठाऊक असते म्हणूनच ना? ज्याने ती कधीच ऐकली नाही त्याला त्या चौदा मिनिटांत काय मिळेल?

षड्ज

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं १९४५ चं 'को-को' मी ऐकलं तेव्हा ते 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे याची मला कल्पनाच नव्हती. त्या सत्रातल्या एका सोडून दिलेल्या टेकमध्ये मंडळी सरळ 'चेरोकी'ची चाल वाजवायला लागतात आणि मध्येच थांबतात. ती चाल मी नंतर ऐकली. तोवर मूळ माहीत नसताना दोन-तीन वर्षं 'को-को' डोक्यात घेऊन हिंडत होतो, आणि काही कमी पडलं असं कधी वाटलं नाही.

पण एक कबुली देतो, कारण मघाशी मी फार ठामपणे बोललो. एका गाण्याच्या बाबतीत माझं तत्त्व कोलमडतं. 'स्ट्रेंज फ्रूट'. एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधल्या शिक्षकाने कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारलं जाई त्यावर लिहिलेलं. बिली हॉलिडेच्या नेहमीच्या कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला, म्हणून तिने १९३९ मध्ये कमोडोर या छोट्या लेबलसाठी ते गायलं. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात ती ते सर्वांत शेवटी गायची. दिवे मालवलेले, उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर. १९६५ ची नीना सिमोन भयंकर ताकदीची आहे, जवळजवळ नुसत्या पियानोवर गाते आणि ऐकणाऱ्याला पळायला जागा ठेवत नाही. तरी मला ते बिलीचंच वाटतं. तिने ते गाण्यासाठी जो धोका पत्करला तो त्या सुरात ऐकू येतो. तो दुसऱ्या कुणाला उचलून नेता येत नाही.

जुनी तबकडी

षड्ज, मी एवढंच म्हणत होते. आणि हे फक्त 'स्ट्रेंज फ्रूट'पुरतं नाही.

अनुनाद

सगळे आवाजाबद्दल बोलताहेत, श्रेयाबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहितो.

'हाउंड डॉग' हे बिग ममा थॉर्नटनने १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं. लायबर आणि स्टोलर या दोन पोरसवदा लेखकांनी खास तिच्यासाठी लिहिलेलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्या पुरुषाला एक बाई दारातून हाकलतेय, असा त्याचा अर्थ. एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ मध्ये जे गायलं ते फ्रेडी बेलच्या बँडने बदललेल्या शब्दांवरून, आणि त्यात बाई उरलीच नाही, ससा न पकडणारा खराखुरा कुत्रा उरला. जगाला तेच माहीत. रातवा, तुमच्या कसोटीने इथे 'पुरं' गाणं एल्व्हिसचं ठरतं, कारण कानाला सवय त्याची आहे. मला ती कसोटीच धोक्याची वाटते.

पैशाचं गणितही विचित्र आहे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून, एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली रक्कम भरून कुणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतं. ती रक्कम लिहिणाऱ्याकडे जाते; आधी गाणारीला त्यातलं काही नाही. उलट्या बाजूने पाहा: तिथल्या साध्या रेडिओवर 'रिस्पेक्ट' वाजलं की पैसे लेखक म्हणून ओटिसच्या बाजूला, गायिका म्हणून ॲरेथाला शून्य. गाणं कुणाचं हा प्रश्न कायद्याने एका बाजूने सोडवलाय, आपण दुसऱ्या बाजूने.

आणि लेड झेपलिन हा रॉक बँड. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ('बांध फुटतो तेव्हा') हे मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मकॉय यांचं १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. झेपलिनच्या १९७१ च्या रेकॉर्डवर मिनीचं नाव आहे. पण त्या जुन्या तबकडीवर गाणारा आवाज जो मकॉयचा, आणि त्याचं नाव नाही.

उत्तररात्र

श्रेयाचं अगदी मान्य. तरी झेपलिनच्या बॉनमच्या ड्रमबद्दल बोलल्याशिवाय 'लेव्ही' सोडू नये. हेडली ग्रेंज या जुन्या घरातल्या जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून टांगले. प्रत्येक ठोका आधी भिंतींवर जाऊन मग माइकपर्यंत येतो. पाणी बांधाला धडका देतंय असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं. मूळ तबकडीत दोन गिटार आणि एक आवाज, लय तर चक्क हलकीफुलकी. पूर ओसरल्यावर, सगळं गमावलेला माणूस सांगतो तशी. झेपलिनमध्ये पूर अजून चालू आहे. मला दोन्ही हवीत, आणि ती याच क्रमाने ऐकायला हवीत.

रातवा

अनुनाद, 'हाउंड डॉग'ला माझ्याकडे उत्तर नाही. कानाची सवय ही कसोटी सोडतो. ॲरेथाचं मोठेपण सवयीत नसून तिने गाण्यातला मागणारा माणूसच बदलला यात आहे, असं म्हणतो. एल्व्हिसच्या गाण्यात तो बदलला नाही, हरवला.

तबकडी, तुमच्यासाठी मात्र एक मुद्दा राखून ठेवला होता. हेंड्रिक्स १९७० मध्ये गेला. डिलन १९७४ पासून 'वॉचटॉवर' मंचावर वाजवतोय, आणि वाजवतो ते हेंड्रिक्सच्या धाटणीने, इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात. रिकामं अंगण त्याने स्वतःच सोडून दिलं. आता बोला.

जुनी तबकडी

बोलते. त्याने वादळ घेतलं हे खरं. पण नंतरच्या कितीतरी कार्यक्रमांत तो काय करतो ते ऐका: तिसरं कडवं संपलं, घोडेस्वार आले, वारा सुटला, की तो परत पहिल्या कडव्यावर जातो आणि गाणं तिथे संपवतो. पुन्हा तोच विदूषक, इथून सुटकेची वाट असलीच पाहिजे म्हणणारा. हेंड्रिक्सचं गाणं वाऱ्याबरोबर निघून जातं. डिलनचं सुटत नाही, ते पुन्हा दाराशी येऊन उभं राहतं.

रातवा

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. आज रात्री दोन्ही लागोपाठ लावतो. आधी १९६७ चं.