मुलीला जेम्स वेब आणि बिग बँग कसं सांगायचं?

शहापूरची_आई:
लेक पाचवीत आहे, अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो बघितल्यापासून रोज डोकं खाऊलालीय. दुर्बिणीत जुन्या काळचं कसं काय दिसतंय, आणि बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात, नेमका झाला कुठं? आमचे हे म्हणतात गूगल कर. सोपं करून सांगा की ओ कुणीतरी. आणि दिवाळीत टेलिस्कोप घ्यावा काय?

जांबोटीकर:
ताई, बिग बँग शेवटी ठेवा, आधी उजेडाचं सांगा. चंद्रावरनं उजेड यायला सव्वा सेकंद, सूर्यावरनं आठ मिनिटं, म्हणजे आपल्याला दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य, एवढं बसलं की पुढचं पोरं आपणच ओढून नेतात. टेलिस्कोप नको. स्वस्तातल्याचा स्टँड एवढा हलतोय की चंद्र सापडायच्या आधी पोरं कंटाळतात, साधा बायनॉक्युलर बास. दिवाळी म्हणजे अमावस्याच, पाऊस उघडलेला असला तर रात्री नऊला अंधारात कणकुंबीकडं या, उत्तरेला बरीच वर देवयानी दीर्घिकेचा (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा मोठा समूह) पुसट डाग नुसत्या डोळ्यानं दिसतोय. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय!

निपाणी_मास्तर:
बरोबर. आता ‘कुठं’चं. एका जागी नाहीच, सगळीकडं. फटाका फुटल्यागत चित्र काढतात तिथंच घोळ होतोय. १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं लई तापलेलं नि दाट होतं, मग जागाच ताणत गेली. चड्डीचं जुनं इलॅस्टिक घ्या, पेनानं ठिपके मारा आणि ताणा, कुठल्याही ठिपक्यावरनं बघा, बाकीचे लांबच जातात. उजेडाची लहर पण तशीच ताणते, म्हणून लई लांबच्या दीर्घिकांचा उजेड आपल्यापर्यंत येईतो इन्फ्रारेड होतोय, डोळ्याला दिसत नाही. वेब तोच टिपते. टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायला सांगा, रिमोटमधनं इन्फ्रारेडच निघतोय, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्यात दिसतोय.

शहापूरची_आई:
अय्या खरंच लुकलुकलं! आता विचारूलालीय, दुर्बीण एवढ्या लांब कशाला नेऊन ठेवली?

निपाणी_मास्तर:
गरम वस्तू स्वतःच इन्फ्रारेड सोडते, दुर्बीण तापली तर तिला स्वतःचाच उजेड दिसत बसेल. म्हणून १५ लाख किलोमीटरवर, तिथनं सूर्य, पृथ्वी, चंद्र एकाच अंगाला येतात, मधे ऊन अडवायला टेनिस कोर्टाएवढा पाच पदरी पडदा. हबल ही आधीची अवकाश दुर्बीण पृथ्वीच्या जवळ आहे, १९९३ मध्ये माणसं जाऊन दुरुस्त करून आली, इथं ती सोय नाही.

खडेबाजार_७७:
पुढचा प्रश्न रंगांचा येणार बघा, आमच्याकडं आलेला. मूळ फोटो काळा-पांढराच असतोय, रंग नंतर भरतात, लांब लहरीला तांबडा, आखूडला निळा.